सार्वजनिक ग्रंथालयातील व्यवसाय (महाराष्ट्र)

सार्वजनिक ग्रंथालयातील व्यवसाय म्हणजे जात, धर्म, वय, शिक्षण असा कोणताही भेद न करता सर्वांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक किंवा शिपाई म्हणून केलेले काम. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने तीन प्रकारच्या व्यवस्थांमध्ये चालते : राज्य शासनाची ग्रंथालये, स्थानिक स्वराज्य संस्थांची वाचनालये आणि शासनमान्य अनुदानित संस्थांची ग्रंथालये. तिन्ही ठिकाणी ग्रंथांची नोंद, मांडणी, देवघेव आणि वाचकसेवा ही कामे जवळजवळ सारखीच असतात. वेतन, सेवासुरक्षा, पदोन्नती आणि निवृत्तीनंतरचे लाभ मात्र नियोक्ता कोण यावर अवलंबून असतात. त्यामुळे या क्षेत्राकडे वळणाऱ्याला ग्रंथालयशास्त्राच्या ज्ञानाइतकेच या व्यवस्थांचे ज्ञानही आवश्यक ठरते.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या हजारोंच्या घरात आहे. त्यांपैकी बहुसंख्य ग्रंथालये ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांत मोडतात व ग्रामीण भागात आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) आणि सोलापूर (१८५३) येथील वाचनालये या काळातील होत. आरंभी यांपैकी अनेक ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. पुढे नवशिक्षित स्थानिकांनी वर्गणी आणि देणग्यांच्या आधारे ही ग्रंथालये चालवली. ठाणे परिसरात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याच्या हेतूने ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. त्याच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ मधील आहे.

या संस्थांचा कारभार पदाधिकारी विनामोबदला पाहत असत. ग्रंथपालाचे काम बहुधा एखादा वाचनप्रेमी शिक्षक किंवा कारकून फावल्या वेळात करी. ग्रंथालयाचे काम ही समाजसेवा आहे, ही समजूत येथूनच रूढ झाली. तिच्यामुळे अनेक ग्रंथालये कठीण काळातही टिकली, पण ग्रंथपालाच्या वेतनाचा प्रश्नही दीर्घकाळ दुय्यम राहिला.

ग्रंथपालाचे काम हा प्रशिक्षणाने शिकायचा व्यवसाय आहे, ही दृष्टी भारतात प्रथम बडोदे संस्थानात रुजली. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. संस्थानाने मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांमधून पुस्तके पोहोचवणारी फिरती ग्रंथालये अशी साखळी उभारली. १९१२ पासून तेथून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही असे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शियाली रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आरंभी या कामात त्यांचे मन रमले नाही आणि पुन्हा अध्यापनाकडे जावे असे त्यांना वाटू लागले. त्याच वर्षी ते अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये लहान मुलांपासून कामगारांपर्यंत सर्वांची कशी सेवा करतात, हे पाहिल्यावर त्यांचा दृष्टिकोन पालटला. पुढे त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे (१९३१) आणि द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) मांडले. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

कायदेशीर चौकट

ग्रंथालयविषयक कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान अग्रेसर होते. तेथे १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला. तत्पूर्वी मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत ग्रंथालयांची श्रेणीबद्ध रचना असावी, असा विचार या समितीने मांडला. स्वतंत्र भारतातील पहिला ग्रंथालय कायदा मद्रास राज्यात १९४८ मध्ये झाला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा असून त्याची अंमलबजावणी १९६८ पासून सुरू झाली. या अधिनियमान्वये ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा ग्रंथालय समित्या अस्तित्वात आल्या. संचालनालयाच्या अखत्यारीत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालय असते. अनुदानित ग्रंथालयांची तपासणी, त्यांच्या वर्गवारीचे प्रस्ताव आणि अनुदान ही कामे या कार्यालयामार्फत होतात.

मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या अधिनियमात असा कर नाही. ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्यानंतर नगरपालिकांना करातून ग्रंथालये चालवता येऊ लागली आणि तेथील ग्रंथपाल स्थानिक शासनाचा सेवक झाला. महाराष्ट्राने आधीपासून अस्तित्वात असलेल्या लोकस्थापित संस्थांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे ग्रंथालये संस्थांच्याच मालकीची राहिली आणि त्यांतील कर्मचारीही संस्थेचेच नोकर राहिले. राज्यातील बहुसंख्य ग्रंथालय कर्मचाऱ्यांची आजची स्थिती या निर्णयातून आली आहे.

गोव्यात परिस्थिती वेगळी आहे. पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा आहे. तेथील जिल्हा व तालुका ग्रंथालये शासन स्वतः चालवते.

नोकरीचे तीन प्रकार

शासकीय ग्रंथालये

मुंबईतील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, विभागीय ग्रंथालये (उदा. पुण्यातील विश्रामबागवाड्यातील ग्रंथालय) आणि जिल्हा ग्रंथालये या गटात येतात. येथील कर्मचारी राज्य शासनाच्या सेवेत असतात. त्यांना शासनाची वेतनश्रेणी, रजा, बदली व पदोन्नतीचे नियम लागू होतात. पदे मर्यादित असून ती जाहिरातीद्वारे स्पर्धात्मक पद्धतीने भरली जातात. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय हे १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशभरातील प्रकाशनांची प्रत मिळण्यास पात्र असलेल्या मोजक्या ग्रंथालयांपैकी एक आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांची वाचनालये

काही महानगरपालिका आणि नगरपरिषदा वाचनालये व अभ्यासिका चालवतात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रंथालय व वाचनालय चालवणे हे ग्रामपंचायतीच्या कार्यसूचीत समाविष्ट केले आहे. महानगरपालिकेच्या आस्थापनेवरील ग्रंथपालाची नोकरी सामान्यतः सुरक्षित असते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मात्र काम अनेकदा मानधनावर, किंवा पंचायतीच्या अन्य कर्मचाऱ्याकडे जोडकाम म्हणून सोपवलेले असते.

अनुदानित संस्थांची ग्रंथालये

राज्यातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये या प्रकारची आहेत. ही ग्रंथालये नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. संस्थेचे कार्यकारी मंडळ कर्मचाऱ्याची नेमणूक करते व त्याचे वेतन ठरवते. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास, जागा आणि कर्मचारी या निकषांवर ग्रंथालयाला ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ वर्ग मिळतो. शिवाय जिल्हा, तालुका आणि इतर अशा स्तरांनुसार अनुदानाची रक्कम बदलते. संस्थेने दरवर्षी वार्षिक अहवाल व लेखापरीक्षण अहवाल सादर करावा लागतो.

वेतन व सेवाशर्ती

परिरक्षण अनुदानात २०१२ मध्ये आणि त्यानंतर २०२२ मध्ये वाढ करण्यात आली. २०२२ ची वाढ ६० टक्क्यांची होती. तिच्यामुळे जिल्हा स्तरावरील ‘अ’ वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ७ लाख २० हजार रुपयांवरून ११ लाख ५२ हजार रुपये झाले, तर ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचे ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले.

या आकड्यांचा अर्थ वेतनाच्या अंगाने पाहिल्यास स्पष्ट होतो. ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाने संपूर्ण ४८ हजार रुपये वेतनावरच खर्च केले, तरी ग्रंथपालाला महिन्याला ४ हजार रुपयेच मिळू शकतात. प्रत्यक्षात त्याच रकमेतून ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, वीज आणि इतर खर्चही भागवावे लागतात. अनुदान हप्त्यांनी मिळते. हप्ता लांबल्यास संस्थेकडे स्वतःचे उत्पन्न नसेल तर वेतनही लांबते. म्हणून लहान गावांत ग्रंथपाल शेती, शिकवणी, दुकान किंवा अन्य अर्धवेळ काम सांभाळून ग्रंथालय चालवताना आढळतो. ‘अ’ वर्गाच्या, स्वतःची इमारत आणि सभागृहाचे किंवा गाळ्यांचे भाडे असलेल्या जुन्या संस्थांत परिस्थिती तुलनेने बरी असते.

कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी व सेवाशर्ती लागू कराव्यात, ही ग्रंथालय कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे. या प्रश्नाचा विचार प्रभा राव समिती आणि व्यंकप्पा पत्की समिती यांनी केला होता. या समित्यांच्या शिफारशी अंमलात आणण्याची मागणी संघटनांच्या निवेदनांत वारंवार येते. २०१२ मध्ये राज्यातील ग्रंथालयांची व्यापक पडताळणी झाली. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ देण्याचे काम दीर्घकाळ थांबले. ग्रंथालयाचा वर्ग वाढला तरच अनुदान वाढते, हे लक्षात घेता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नवाढीची वाटही त्या काळात बंद झाली.

शिक्षण व प्रशिक्षण

या व्यवसायात प्रवेशाचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रमाणपत्र अभ्यासक्रम : शालेय शिक्षणानंतर करता येणारा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत त्याचे वर्ग भरतात. लहान अनुदानित ग्रंथालयातील ग्रंथपालासाठी हा सर्वांत सोयीचा मार्ग समजला जातो.
• ग्रंथालय व माहितीशास्त्र पदवी (बी.लिब.) : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मुंबई, पुणे, नागपूर आदी विद्यापीठांत तसेच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात या विषयाच्या अध्यापनाची सोय आहे. नोकरी करीत शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत.
• पदव्युत्तर पदवी (एम.लिब.) : मोठ्या ग्रंथालयांतील वरिष्ठ पदांसाठी उपयुक्त. महाविद्यालयीन ग्रंथपाल होण्यासाठी या पदवीबरोबर राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) किंवा राज्य पात्रता परीक्षा (सेट) उत्तीर्ण होण्याचा मार्ग रूढ आहे.

पदवीनंतर अनेक जण सार्वजनिक ग्रंथालयाऐवजी शाळा, महाविद्यालये, बँका, संशोधन संस्था किंवा वृत्तपत्रांच्या संदर्भ विभागांत जातात. तेथील वेतन बहुधा अधिक असते. सार्वजनिक ग्रंथालयातील अनुभव अशा वेळी उपयोगी पडतो, मात्र सार्वजनिक ग्रंथालयांना त्यामुळे प्रशिक्षित माणसे गमवावी लागतात.

कामाचे स्वरूप

नवा ग्रंथ आला की प्रथम त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते व त्याला दाखल क्रमांक मिळतो. त्यानंतर वर्गीकरण व तालिकीकरण केले जाते. मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धती (१८७६) व्यापक प्रमाणावर वापरली जाते. या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. अनेक लहान वाचनालयांत मात्र कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक, बालसाहित्य असे सोपे विभाग पाडून काम भागवले जाते. सभासदांची देवघेव, वर्गणी व अनामतीचा हिशेब, वार्षिक ग्रंथपडताळणी, फाटक्या पुस्तकांची बांधणी, बाद पुस्तके निर्लेखित करण्याची कार्यवाही आणि अनुदानाची कागदपत्रे ही नित्याची कामे होत. पावसाळ्यात कसर व बुरशीपासून पुस्तके वाचवणे हे कोकणपट्टीतील ग्रंथपालाचे खास काम असते.

संदर्भसेवा हा कामाचा कसोटी पाहणारा भाग आहे. वाचक नेहमी पुस्तकाचे नाव घेऊन येत नाही. कोणाला आजोबांच्या काळातील एखाद्या मासिकाचा अंक हवा असतो, तर कोणाला स्पर्धा परीक्षेसाठी नकाशा. अशा वेळी मराठी विश्वकोश, चरित्रकोश, शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९५० या काळातील ग्रंथांची नोंद घेणारी ‘मराठी ग्रंथसूची’ आदी साधने ग्रंथपालाला हाताळता यावी लागतात.

संगणकीकरणासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली व ‘कोहा’ ही मुक्तस्रोत प्रणाली वापरात आहे. युनिकोड मराठी टंकलेखन हे आता या व्यवसायातील प्राथमिक कौशल्य झाले आहे, कारण चुकीच्या लेखनाने नोंदलेले पुस्तक शोधात सापडत नाही. अनेक शहरांत कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांपेक्षा अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली असून ग्रंथपालाला त्यांच्या गरजांनुसार ग्रंथनिवड व वेळापत्रक ठरवावे लागते.

ग्रामीण व निमशहरी संदर्भ : वज्रेश्वरी परिसर

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीकाठचे गाव वज्रेश्वरी देवीचे मंदिर आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात ग्रंथालयाची नोकरी शोधणाऱ्यासमोर वर वर्णिलेली संपूर्ण व्यवस्था उतरंडीच्या स्वरूपात येते. गावपातळीवर ग्रामपंचायतीचे किंवा संस्थेचे लहान वाचनालय, तालुक्याच्या ठिकाणी म्हणजे भिवंडीत अनुदानित ग्रंथालये, आणि ठाणे-कल्याण येथे शतकाहून जुन्या मोठ्या संस्था अशी ती रचना आहे. अनुदानित ग्रंथालयांवर देखरेख ठेवणारे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालयही जिल्ह्याच्या ठिकाणी असते. गावात राहून काम करायचे तर उत्पन्न अल्प, आणि पुरेसे उत्पन्न हवे तर शहराकडे जायचे, असा पेच तरुणांपुढे उभा राहतो.

या भागातील वाचकवर्ग एकजिनसी नाही. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर असल्याने तेथे मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू व गुजराती भाषक मोठ्या संख्येने राहतात. तालुक्याच्या ग्रामीण भागात आगरी, कुणबी आणि वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी समाजांची वस्ती आहे. अनेक घरांत ग्रंथालयात जाणारी पहिली पिढी आता शाळेत आहे. येथे ग्रंथपालाला सोप्या भाषेतील मोठ्या अक्षरांची पुस्तके, बालविभाग, शासकीय योजनांचे अर्ज आणि परीक्षांच्या जाहिराती यांची माहिती ठेवावी लागते. युनेस्को व आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात (१९९४, सुधारित २०२२) सर्वांसाठी समान प्रवेशाचे जे तत्त्व आहे, त्याची कसोटी अशाच ठिकाणी लागते.

साहाय्यक संस्था व पुरस्कार

कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (१९७२) राज्यांच्या सहकार्याने ग्रंथ, इमारत व साधनसामग्रीसाठी साहाय्य देते. महाराष्ट्र शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने उत्कृष्ट ग्रंथालयांना आणि डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने उत्कृष्ट कार्यकर्ता व सेवक यांना पुरस्कार देते. जिल्हास्तरावर ग्रंथोत्सव भरवले जातात. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पुस्तकांचे गाव’ या उपक्रमात घरोघरी ग्रंथदालने उभी राहिली. ग्रंथालयाच्या पारंपरिक चौकटीबाहेरचा हा प्रयोग राज्य मराठी विकास संस्थेमार्फत राबवला जातो.

व्यवसाय निवडताना

सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी स्वीकारण्यापूर्वी काही बाबी पडताळून पाहणे हिताचे मानले जाते : नेमणूकपत्र लेखी आहे किंवा नाही, ग्रंथालयाचा वर्ग व स्तर कोणता, वेतन दरमहा मिळते की अनुदानाच्या हप्त्याबरोबर, भविष्यनिर्वाह निधीची सोय आहे काय, आणि पुढील शिक्षणासाठी सवलत मिळते काय. ‘क’ किंवा ‘ड’ वर्गातील ग्रंथालयाकडे अनेक जण शिकण्याचा पहिला टप्पा म्हणून पाहतात. तेथे एकाच व्यक्तीला दाखल नोंदीपासून वार्षिक अहवालापर्यंत सर्व कामे करावी लागतात. त्यामुळे जो सर्वांगीण अनुभव मिळतो, तो मोठ्या ग्रंथालयातील एखाद्या विभागात सहसा मिळत नाही. या अनुभवाला पदवीची जोड मिळाल्यास शासकीय, महापालिका किंवा शैक्षणिक ग्रंथालयांतील पदांसाठी प्रयत्न करता येतो.

गावातच राहू इच्छिणाऱ्याचे भवितव्य मात्र बहुतांशी अनुदानाच्या व सेवाशर्तींच्या धोरणाशी निगडित आहे. ग्रंथपाल बदलत राहिला की वाचकांच्या आवडीनिवडींची, जुन्या संग्रहाची आणि गावातील देणगीदारांची माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणूनच ग्रंथालय क्षेत्रात वेतनाच्या प्रश्नाकडे कर्मचाऱ्यांच्या हिताबरोबर वाचकसेवेच्या सातत्याचा प्रश्न म्हणूनही पाहिले जाते.

हेही पहा

• महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७
• शियाली रामामृत रंगनाथन
• मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे
• सार्वजनिक वाचनालय, कल्याण
• पुस्तकांचे गाव (भिलार)